पाच यार्डांचा दंड दहा यार्डांपेक्षा जड कसा? अमेरिकन फुटबॉलमधील पंचांचे निर्णय समजून घेण्यासाठी धागा

निंबोणी :

ओहायोत आम्हांला अकरा वर्षे झाली. त्यांतली दहा वर्षे अमेरिकन फुटबॉल म्हणजे आमच्या लेखी शेजाऱ्यांकडच्या मेजवानीत मागच्या भिंतीवर चालू असलेला गोंगाट होता. गेल्या वर्षी मुलगा शाळेच्या संघात निवडला गेला आणि शुक्रवारच्या संध्याकाळी पायांवर रजई घेऊन थंडगार बाकावर बसणे माझ्या वाट्याला आले. तेव्हापासून मी हा खेळ मन लावून पाहते आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणायचे, जमले की पुन्हा पहिल्या डाउनपासून मोजणी सुरू, नाही जमले की चेंडू प्रतिपक्षाकडे, इतपत आता अंगवळणी पडले आहे. माझी गाडी अडते ती गुन्ह्याची खूण म्हणून पंचांनी फेकलेला पिवळा रुमाल मैदानावर पडला की.

तीन गोष्टी कुणीतरी नीट उलगडून सांगाव्यात. आक्रमण करणाऱ्या संघाने होल्डिंग केले, म्हणजे समोरच्या खेळाडूला धरून ठेवले, तर दंड दहा यार्डांचा असतो; पण समोरचा कप्तान पुष्कळदा तो दंड नको म्हणतो. फुकट मिळणारे दहा यार्ड कोण नाकारते? दुसरी गोष्ट, ५७व्या सुपर बोलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याच्या, शेवटी बचावपटूच्या होल्डिंगबद्दल अवघ्या पाच यार्डांचा दंड झाला आणि त्यावरून आजही लोक हमरीतुमरीवर येतात. दहा यार्ड नाकारण्याजोगे आणि पाच यार्डांनी अजिंक्यपद ठरते, हा हिशेब माझ्या डोक्यात बसत नाही.

तिसरी गोष्ट घरची आहे. मुलाच्या सामन्यात तिसरा डाउन आणि वीस यार्ड बाकी अशी अवस्था होती. लांब पास टाकला गेला, चेंडू येण्यापूर्वीच बचावपटूने आमच्या मुलाला आडवे पाडले आणि रुमाल पडला. दूरचित्रवाणीवर असे झाले की थेट पहिला डाउन मिळतो. इथे मात्र पंचांनी पंधरा यार्ड पुढे मोजले आणि तिसरा डाउन, पाच बाकी असे जाहीर केले. बाकावरचे सगळे पालक उठून ओरडले, आणि कबूल करते, त्यांत मीही होते. पंच चुकले होते का?

अटकेपार :

निंबोणीताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्या पंचाच्या जागी मी उभा राहिलेलो आहे. नऊ हंगाम मी शाळकरी सामन्यांत पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घालून कडेच्या रेषेवर धावलो, आणि तुमच्यासारख्या पालकांची बोलणीही खाल्ली. त्या दिवशी पंच चुकले नव्हते. आपण सगळे 'अमेरिकन फुटबॉल' असे एकच नाव घेतो, पण नियमपुस्तके तीन आहेत: व्यावसायिक लीगचे एक, महाविद्यालयांचे दुसरे आणि शाळांचे तिसरे. एकाच गुन्ह्याला तिन्ही पुस्तकांत वेगवेगळी शिक्षा असते.

पास झेलणाऱ्याला चेंडू येण्याआधी अडवणे, म्हणजे पास इंटरफिअरन्स, घ्या. समजा चेंडू तुमच्याच २० यार्डांच्या रेषेवर आहे आणि गुन्हा ४५ यार्ड पुढे, प्रतिपक्षाच्या ३५च्या रेषेवर घडला. व्यावसायिक सामन्यात चेंडू गुन्हा घडला तिथेच, म्हणजे प्रतिपक्षाच्या ३५वर ठेवतात आणि पहिला डाउन आपोआप मिळतो. महाविद्यालयीन सामन्यात पहिला डाउन मिळतो, पण दंड पंधरा यार्डांच्या पुढे जात नाही, त्यामुळे चेंडू तुमच्याच ३५वर राहतो. शाळेच्या सामन्यात पंधरा यार्ड मिळतात आणि तोच डाउन पुन्हा खेळायचा असतो. आपोआप मिळणारा पहिला डाउन शाळांच्या पुस्तकातून २०१३ साली काढून टाकला गेला. तिसरा डाउन आणि वीस बाकी असताना पंधरा मिळाले की तिसरा डाउन आणि पाच बाकी. पंचांनी जाहीर केलेला आकडा काटेकोर बरोबर होता. गर्दीचा घोटाळा झाला तो व्यावसायिकांचा रविवारचा नियम शाळेच्या शुक्रवारी लावल्यामुळे.

आता यार्डांकडे. पिवळा रुमाल पडला की आपली नजर यार्डांवर जाते, कारण पंच तेवढाच आकडा मोठ्याने सांगतो. खरे चलन डाउनचे आहे. तिसरा डाउन, बारा यार्ड बाकी, चेंडू आक्रमणाच्या ३० यार्डांच्या रेषेवर असे धरा. पास पूर्ण झाला, सात यार्ड मिळाले, पण आक्रमणाच्या एका खेळाडूने स्क्रिमेज रेषेमागे, म्हणजे खेळी जिथून सुरू झाली त्या रेषेमागे, होल्डिंग केले. बचावाच्या कप्तानापुढे दोन पर्याय येतात. दंड घेतला तर चेंडू २०वर मागे जातो, पण तिसरा डाउन पुन्हा खेळला जातो आणि २२ यार्ड बाकी राहतात. दंड नाकारला तर चेंडू ३७वर राहतो आणि चौथा डाउन येतो, पाच बाकी. चौथ्या डाउनवर बहुतेक संघ पंट मारून, म्हणजे चेंडू लाथेने लांब उडवून, तो देऊन टाकतात. म्हणजे प्रश्न असा होतो की, प्रतिपक्षाला २२ यार्डांसाठी आणखी एक संधी द्यायची, की त्याच्याकडून चेंडू लगेच काढून घ्यायचा? बहुतेक कप्तान दुसरे निवडतात, आणि आपल्याला वाटते की त्याने फुकटचे दहा यार्ड घालवले.

सुपर बोलबद्दल रात्री सवडीने लिहितो.

शनिवारपेठी :

धाग्याबद्दल आभार. माझे बालपण क्रिकेटमध्ये गेले आणि पायचीतचा नियम मी परदेशी सहकाऱ्यांना नॅपकिनवर चित्र काढून समजावलेला आहे, त्यामुळे नियम किचकट असण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती गणिताबद्दल. मागे एका सामन्यात आक्रमणाच्या संघाला दंड झाला आणि त्यानंतर पडद्यावर 'पहिला डाउन, सात बाकी' असे झळकले. दंडाच्या आधी दहा बाकी होते. ज्याने गुन्हा केला तो दंड भरूनही तीन यार्ड पुढे कसा जातो? ते दृश्य मी दोनदा मागे नेऊन पाहिले, कारण मला वाटले की पडदाच बिघडला.

अटकेपार :

शनिवारपेठी, पडदा ठीक होता. दंड कुठून मोजायचा याचे उत्तर प्रत्येक खेळीत बदलते, ही या खेळातली सर्वांत चकवणारी गोष्ट आहे. आपण गृहीत धरतो की चेंडू जिथून सुटला तिथूनच मागे मोजायचे. धावण्याच्या खेळीत तसे नसते.

पहिला डाउन, दहा बाकी, चेंडू आपल्या २५वर, गाठायची रेषा ३५वर. धावपटू वीस यार्ड पळाला आणि ४५वर पडला. वाटेत ३१च्या रेषेपाशी त्याच्या साथीदाराने बचावपटूचा सदरा धरून त्याला रोखले. धावपटू ३१च्या पुढे गेला तो त्या धरण्यामुळे, त्यामुळे त्यापुढची कमाई नियमाच्या दृष्टीने काळी. मात्र ३१पर्यंतचे यार्ड त्याने चोख कमावलेले आहेत. म्हणून दहा यार्ड ३१पासून मागे मोजतात आणि चेंडू २१वर येतो. डाउन तोच, गाठायची रेषाही तीच, म्हणून पहिला डाउन, १४ बाकी.

हेच धरणे ३८पाशी घडले असते तर ३८मधून दहा गेले, चेंडू २८वर, गाठायची रेषा ३५वर, म्हणजे पहिला डाउन, सात बाकी. तुम्ही पाहिलेले नेमके हेच असावे. पंचांच्या बोलीत या पद्धतीला 'तीन आणि एक' म्हणतात. आधाररेषा म्हणजे धाव जिथे संपली ती जागा. बचावाचा गुन्हा कुठेही घडो, किंवा आक्रमणाचा गुन्हा आधाररेषेच्या पुढे घडो, मोजणी आधाररेषेपासून होते. आक्रमणाचा गुन्हा तिच्या मागे घडला, तर मात्र मोजणी गुन्ह्याच्या जागेपासून होते. तो 'एक' म्हणजे हाच अपवाद, आणि होल्डिंगच्या बहुतेक घटना नेमक्या या अपवादातच येतात.

आता ताईंचा सुपर बोल. १२ फेब्रुवारी २०२३, ॲरिझोनातील ग्लेनडेल, कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध फिलाडेल्फिया ईगल्स, ३५–३५ अशी बरोबरी. १ मिनिट ५४ सेकंद उरले होते, चीफ्सचा तिसरा डाउन, आठ यार्ड बाकी, आणि चेंडू ईगल्सच्या १५च्या रेषेच्या आसपास. चीफ्सच्या पॅट्रिक माहोम्सचा पास त्याचा साथीदार ज्युज्यू स्मिथ-शुस्टरच्या हाताला न लागता पुढे निघून गेला आणि रुमाल पडला: ईगल्सचा बचावपटू जेम्स ब्रॅडबेरी, होल्डिंग.

रुमाल पडला नसता तर चौथा डाउन आला असता, चीफ्सनी फील्ड गोल, म्हणजे लाथेने केलेला तीन गुणांचा गोल, मारून ३८–३५ अशी आघाडी घेतली असती आणि ईगल्सच्या हातात चेंडू व सुमारे पावणेदोन मिनिटे उरली असती. बरोबरीसाठी तेवढा वेळ पुष्कळ होतो. रुमाल पडल्यामुळे पाच यार्ड मिळाले, ते क्षुल्लक होते. पण बचावाच्या होल्डिंगला पहिला डाउन आपोआप जोडलेला असतो आणि त्यामुळे चीफ्सना घड्याळ खाण्याची मुभा मिळाली. पुढच्या खेळीत चीफ्सच्या जेरिक मॅकिननसमोर टचडाउनची, म्हणजे गोल रेषेपलीकडे चेंडू नेण्याची, वाट मोकळी होती, तरी तो गोल रेषेच्या दोन यार्ड अलीकडे स्वतःहून घसरून बसला, कारण टचडाउन केला असता तर ईगल्सना चेंडू लवकर मिळाला असता. फील्ड गोल झाला तेव्हा आठ सेकंद उरले होते. पाच यार्डांचे मोल इथे दीड मिनिटाहून अधिक वेळ इतके झाले.

उरला वाद. 'तो पास कुणालाही झेलता आला नसता, मग दंड कसला?' हा आक्षेप त्या रात्री मी शंभर वेळा ऐकला. चेंडू झेलण्याजोगा होता की नव्हता हा प्रश्न फक्त पास इंटरफिअरन्समध्ये विचारतात, आणि तो गुन्हा चेंडू हवेत असतानाच घडू शकतो. होल्डिंगला चेंडू कुठे पडला याच्याशी देणेघेणे नसते. ब्रॅडबेरीने सदरा ओढला तो पास फेकला जाण्याआधी, आणि सामन्यानंतर त्याने ते स्वतः मान्यही केले. निर्णय नियमाला धरून होता. इतका वेळ हात सैल सोडणाऱ्या पंचांनी नेमक्या त्या क्षणी रुमाल काढावा का, हा वेगळा वाद आहे, आणि त्यात मी ईगल्सच्या चाहत्यांना पूर्ण खोटे ठरवणार नाही.

कृष्णाकाठ :

मी डेट्रॉईटजवळ राहते, त्यामुळे वेळेचे हे नाणे आमच्याकडून कसे वसूल केले गेले ते सांगणे माझे कर्तव्यच आहे. २४ सप्टेंबर २०१७, फोर्ड फील्डवर आमचे लायन्स आणि अटलांटा फाल्कन्स. लायन्स २६–३० असे मागे होते. शेवटी मॅथ्यू स्टॅफर्डचा पास गोल्डन टेटने गोल रेषेपाशी झेलला आणि पंचांनी टचडाउन दिला. आमच्या दिवाणखान्यात दिवाळी झाली. मग चित्रफीत पाहिली गेली. टेटला स्पर्श झाला तेव्हा त्याचा गुडघा जमिनीवर होता आणि चेंडू रेषेच्या वीतभर अलीकडे होता. टचडाउन रद्द झाला. घड्याळावर आठ सेकंद होते, म्हणून आम्हांला वाटले की निदान आणखी एक खेळी मिळेल. पंचांनी दहा सेकंद वजा केले आणि सामना संपला.

आठमधून दहा वजा कसे करतात, असे माझ्या सासूबाईंनी विचारले होते. आजवर त्यांना मी समाधानकारक उत्तर देऊ शकलेले नाही.

अटकेपार :

कृष्णाकाठ, सासूबाईंना असे सांगून पाहा. ते दहा सेकंद ही शिक्षा नव्हती, दुरुस्ती होती. मूळ निर्णय टचडाउनचा होता, म्हणून घड्याळ थांबले. निर्णय पहिल्यापासून अचूक दिला गेला असता, म्हणजे टेट मैदानाच्या आत, रेषेच्या अलीकडे पडला असे ठरले असते, तर घड्याळ थांबलेच नसते. लायन्सकडे एकही टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवून घेण्याची संधी, शिल्लक नव्हता. त्या आठ सेकंदांत अकरा माणसांनी पुन्हा ओळीने उभे राहून चेंडू खेळवणे जवळजवळ अशक्य होते. चित्रफितीमुळे चालते घड्याळ फुकटात थांबण्याचा फायदा कुणाला मिळू नये, म्हणून अर्ध्या सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत दहा सेकंद कापतात. टाइमआउट हाताशी असता तर तो देऊन ही कपात टाळता आली असती. नियम कठोर आहे, पण मला तो अन्यायकारक वाटत नाही.

घड्याळाचा खरोखरीचा अन्याय पाहायचा असेल तर ५ फेब्रुवारी २०१२चा सुपर बोल पाहा, न्यूयॉर्क जायंट्स २१, न्यू इंग्लंड पेट्रियट्स १७. त्याच सामन्यात टॉम ब्रेडीने पेट्रियट्सच्या पहिल्याच खेळीत आपल्या गोलक्षेत्रात उभे राहून जिथे कुणीच रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, नव्हता अशा ठिकाणी चेंडू भिरकावला. त्याला इंटेन्शनल ग्राउंडिंग म्हणतात, आणि गोलक्षेत्रात तो गुन्हा घडला की प्रतिपक्षाला दोन गुण मिळतात. पण मला आठवण करून द्यायची आहे ती शेवटाची. १७ सेकंद उरलेले असताना जायंट्सने मैदानात बारा बचावपटू उभे केले. ब्रेडीचा पास हुकला, पाच यार्डांचा दंड झाला, पण त्या खेळीत गेलेले आठ सेकंद परत मिळाले नाहीत. एक माणूस जादा उभा करून पाच यार्डांच्या बदल्यात आठ सेकंद विकत घेता येतात, हे सगळ्या जगाने पाहिले. त्याच वर्षी नियम बदलला आणि आता बारा माणसे रचनेत उभी राहिली की चेंडू सुटण्याआधीच शिटी वाजते.

दुपारची झोप :

मी कॅन्सस सिटीची, त्यामुळे वरचा सुपर बोल आम्हांला गोड लागला. पण १० डिसेंबर २०२३ची जखम अजून ओली आहे. बफेलो बिल्सविरुद्ध १७–२० असे मागे असताना माहोम्सने ट्रॅव्हिस केल्सीला पास दिला, केल्सीने धावता धावता चेंडू बाजूला कडारियस टोनीकडे फेकला आणि टोनी गोलक्षेत्रात गेला. इतकी सुंदर खेळी मी क्वचितच पाहिली आहे. ती टोनीच्या ऑफसाइडमुळे रद्द झाली. बचावपटू ऑफसाइड असतो, हे कळते. पण आक्रमणाचा खेळाडू, तोही कडेला एकटा उभा असलेला, ऑफसाइड ठरवून खेळी पुसून टाकायची? त्याचे पाऊल थोडे पुढे होते, याने कुणाचे काय बिघडले? शिवाय कडेचे पंच रिसीव्हरला 'मागे सरक' असे सांगतात, हे सर्वांना माहीत आहे. त्या दिवशी कुणी सांगितले नाही.

अटकेपार :

इथे आपले मतभेद होणार, ते झालेलेच बरे.

चेंडू जमिनीवर ठेवला की त्याच्या दोन टोकांमध्ये एक पट्टी मानलेली असते, चेंडूच्या लांबीएवढी. त्या पट्टीत चेंडू मागे देणारा स्नॅपर सोडून कुणीही असता कामा नये. टोनीचे पाऊल त्या पट्टीत होते, आणि चित्रफितीत ते इतके स्पष्ट दिसते की मला तिथे वादाला जागा दिसत नाही. रिसीव्हरला सांगण्याबद्दल म्हणाल, तर मीही सांगत असे. मुलगा हात वर करून माझ्याकडे पाहायचा, मी मान हलवायचो किंवा तळहाताने थोडे मागे ये असे दाखवायचो. पण ते सौजन्य आहे, कर्तव्य नव्हे. रिसीव्हरने पंचाकडे पाहिलेच नाही, तर ओरडून सांगायला पंच हा त्याचा प्रशिक्षक नाही. त्या सामन्याचे मुख्य पंच कार्ल शेफर्स हेच तुमच्या गोड सुपर बोलचेही मुख्य पंच होते, हे जाता जाता सांगतो.

ऑफसाइडच्या भोवती चार सारख्या दिसणाऱ्या गोष्टी आहेत आणि तिथेच नवीन प्रेक्षक हमखास अडकतो. चेंडू सुटण्याआधी आक्रमणाचा खेळाडू दचकून हलला तर फॉल्स स्टार्ट, आणि शिटी लगेच वाजते. बचावपटूने पलीकडे येऊन समोरच्याला स्पर्श केला तर एन्क्रोचमेंट, शिटी लगेच. बचावपटू पट्टीत आला आणि त्यामुळे समोरचा दचकून हलला तर न्यूट्रल झोन इन्फ्रॅक्शन, पुन्हा शिटी लगेच. इथे हलला तो आक्रमणाचा खेळाडू, पण दंड हलवणाऱ्याला. आणि चेंडू सुटण्याच्या क्षणी बचावपटू पलीकडे असेल पण कुणाला स्पर्श झालेला नसेल, तर ऑफसाइड. तेव्हा रुमाल पडतो, पण खेळ चालू राहतो. चारही दंड पाच-पाच यार्डांचे. फरक एवढाच की पहिल्या तिघांत खेळी होतच नाही आणि चौथीत होते.

ती चौथी खेळी क्रिकेटच्या नो बॉलसारखी असते. दंड तर मिळणारच, मग बॅट फिरवायला काय जाते? पास टाकणाऱ्या ॲरन रॉजर्सने यावर हातखंडा मिळवला होता. तो आवाजात चढउतार करून बचावपटूला फसवायचा आणि रुमाल पडलेला दिसताच चेंडू लांब फेकायचा. झेलला गेला तर खेळी ठेवायची, हुकला किंवा प्रतिपक्षाने पळवला तर दंड घ्यायचा.

शनिवारपेठी :

ही उपमा मला पटली. मग एक शंका, दोन्ही संघांनी एकाच खेळीत गुन्हा केला तर? परवा एक टचडाउन असा रद्द झाला की त्यात आक्रमणाचे होल्डिंग दहा यार्डांचे आणि बचावाचे होल्डिंग पाच यार्डांचे होते. वजाबाकी करून पाच यार्डच मागे घ्यायला हवे होते.

अटकेपार :

वजाबाकी होत नाही. दोन्हीकडे गुन्हा असला की दोन्ही दंड एकमेकांत फिटतात आणि तोच डाउन तिथूनच पुन्हा खेळतात, मग मधे टचडाउन झालेला असो. व्यावसायिक लीगमध्ये एक अपवाद आहे: एकाचा गुन्हा पंधरा यार्डांचा आणि दुसऱ्याचा साधा पाच यार्डांचा असेल, तर फक्त पंधरा यार्ड आकारतात, कारण कुणाच्या हेल्मेटची जाळी धरून मान पिळणे आणि एक पाऊल पुढे ठेवणे यांची फिटंफाट लावणे बरे दिसत नाही. दहा आणि पाच मात्र फिटतात.

कृष्णाकाठ :

न पडलेल्या रुमालाचे काय? आमचे एक स्नेही न्यू ऑर्लिन्सला आहेत. २० जानेवारी २०१९ हा दिवस त्यांच्यासमोर काढायचा नाही, असा आमच्या घरात दंडक आहे.

अटकेपार :

तो दंडक पाळा. २०–२० अशी बरोबरी, १ मिनिट ४९ सेकंद बाकी, न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्सचा तिसरा डाउन प्रतिपक्षाच्या, म्हणजे रॅम्सच्या १३वर, आणि रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमनने चेंडू पोहोचण्याच्या कितीतरी आधी सेंट्सच्या टॉमीली लुइसला उडवून दिले. दोन पंच जवळ होते, रुमाल एकाचाही पडला नाही. जादा वेळेत रॅम्सनी ५७ यार्डांवरून फील्ड गोल मारून २६–२३ असा सामना घेतला. त्यावेळच्या नियमांनुसार पास इंटरफिअरन्स चित्रफितीवर तपासता येत नव्हता, म्हणून साऱ्या स्टेडियमला दिसलेली गोष्ट दुरुस्त करण्याचा मार्गच कुणाकडे नव्हता. पुढच्या हंगामात ती तपासणी खुली केली, पण धिम्या गतीने पाहिले की प्रत्येक स्पर्श गुन्हा वाटतो आणि मग कोणताच वाटत नाही. निर्णय इतके विसंगत झाले की एका हंगामानंतर, २०२० साली, तो प्रयोग बंद केला. पंच म्हणून माझे मत विचाराल तर तो बंद झाला हे योग्य झाले, आणि सेंट्सच्या चाहत्यासमोर मी हे वाक्य उच्चारणार नाही.

अवांतर : हा रुमाल तसा तरुण आहे. १९४१ साली ओहायोतीलच यंग्सटाउन येथील महाविद्यालयाचे प्रशिक्षक ड्वाइट बीडी यांनी तो प्रथम वापरात आणला, आणि पहिले रुमाल त्यांच्या पत्नीने घरी शिवले. त्याआधी पंच भोंगे वाजवीत आणि प्रेक्षकांना गुन्हा झाला हे कळतच नसे. रुमाल नीट उडावा म्हणून त्यात वजन घालतात. १९९९ साली तसाच एक वजनदार रुमाल क्लीव्हलँडच्या ऑर्लँडो ब्राउनच्या थेट डोळ्यात गेला आणि तो पुढचे तीन हंगाम खेळू शकला नाही. मी माझ्या रुमालात मक्याचे दाणे भरत असे.

निंबोणी :

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा शुक्रवार होता, त्यामुळे सांगण्यासारखे आहे.

दुसऱ्या सत्रात आमच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूने, आवाज चढवून समोरच्या बचावपटूला पुढे ओढले. रुमाल पडलेला दिसताच माझ्या शेजारचे गृहस्थ 'लांब फेक, लांब फेक' असे ओरडू लागले. पण शिटी वाजली आणि खेळी थांबली. ते पंचांवर चिडले.

अटकेपार, तुमची तीन पुस्तके आठवून मी दुपारीच शाळांच्या नियमांत शोधून ठेवले होते. शाळेच्या सामन्यात चेंडू सुटण्याआधी बचावपटू पलीकडे आला की स्पर्श होवो न होवो, खेळ तिथेच थांबतो. फुकटची खेळी ही रविवारची चैन आहे. मी त्यांना तसे सांगितले. त्यांनी माझ्या पायांवरच्या रजईकडे आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला हसू आवरेना.

थोड्या वेळाने आमचा चौथा डाउन आला, आठ बाकी. आमच्या मुलाने पंट मारला, समोरचा एक जण त्याच्या पायाला हलकेच धडकला आणि रुमाल पडला. पंचांनी खूण केली ती किकरला निव्वळ धडकण्याची, पाच यार्डांची, पंधरा यार्डांच्या दांडगाईची नव्हे. चेंडू घरंगळत त्यांच्या नऊ यार्डांच्या रेषेपाशी बाहेर गेला होता. शेजारचे गृहस्थ आता माझ्याकडे वळून विचारू लागले की पाच यार्ड घेणार ना? मी म्हटले, घेतले तर चौथा डाउन, तीन बाकी, आणि पुन्हा पंट मारावा लागेल. तो नऊवर जाईलच याची खात्री काय? एवढ्यात आमच्या प्रशिक्षकांनी कडेवरून दोन्ही हात आडवे हलवले, कप्तानाने मान डोलावली आणि मुख्य पंचांनी मैदानाच्या मधोमध उभे राहून तीच खूण केली. दंड नाकारला.

त्या गृहस्थांनी थर्मासमधली कॉफी माझ्यापुढे केली आणि विचारले की मी याआधी पंच होते का.